मक्याआडची सेलरी

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. पानांवरचं दव नुकतंच वाळलं होतं आणि मालिंडा ग्लिक गुडघ्यांवर बसून सेलरीच्या रांगेला दोन्ही बाजूंनी जुन्या फळ्या टेकवत होती. देठाला ऊन लागलं नाही की तो पांढरा आणि कोवळा राहतो. लग्नाच्या टेबलावर तसाच लागतो. दव असताना सेलरीला हात लावायचा नाही, हा तिचा नियम. ओल्या पानांवरचे डाग हाताने एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात.

ओढ्यापलीकडे ईनस पीटरशाइमच्या शेतात मुरघासासाठी मका कापणं चालू होतं. सप्टेंबरात इथे शेजारी आळीपाळीने एकमेकांच्या शेतात उतरतात. आज ईनसकडे, उद्या आणखी कुणाकडे. कापणी यंत्राला मालिंडाच्या थोरल्या भावाची, एलॅमची, चार खेचरं जुंपलेली होती. ती यंत्र ओढत होती; पाती फिरवणाऱ्या इंजिनाचा आवाज सकाळपासून एका लयीत येत होता. तो अचानक थांबला.

यंत्र थांबतं तेव्हा ओरडणं ऐकू येतं. दोरी अडकली, पातं घासलं, कुणीतरी कुणालातरी पाना आणायला पिटाळतं. त्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही. मालिंडा हातात फळी धरून उभी राहिली. बऱ्याच वेळाने इंजिन पुन्हा सुरू झालं, आणि यंत्र सरळ पुढे गेलं.

मालिंडा सत्तेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची. आईवडील गेल्यापासून भावाच्या घराला जोडून असलेल्या त्यांच्या दोन खोल्यांत राहते. रस्त्याच्या तोंडाशी तिचा भाजीचा मांडव आहे. तिथे ती बीट, कोबी, लिमा बीन आणि लोणच्याच्या बरण्या विकते. लँकेस्टरच्या या भागात, अजून बग्ग्यांतून फिरणाऱ्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांत, तिची ओळख मात्र सेलरीवाली अशीच आहे. आणि सेलरी इथे नुसती भाजी नाही.

मुलीचं लग्न ठरलं तरी ते शरद ऋतूतल्या प्रभुभोजनाच्या उपासनेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं. आईबापाला ठाऊक, मुलाच्या घरी ठाऊक, बस. पण साडेतीनशे माणसांच्या जेवणाला सेलरी लागते. कोंबडी आणि पावाच्या भाजलेल्या सारणात लागते, दुधातल्या भाजीत लागते, टेबलावर काचेच्या बरण्यांमध्ये फुलांसारखी उभी करायला लागते. ती जुलैत लावावी लागते. त्यामुळे उपवर मुलीच्या घरावरून बग्गी जाताना आतली माणसं घोडा जरा हळू करतात आणि परसातल्या रांगा मोजतात. ज्यांना लपवायचं असतं ते घरामागे लावतात, कुणी मावशीच्या शेतात. ईनस पीटरशाइमने मक्याच्या मधोमध काही ओळी न पेरता सोडल्या होत्या आणि तिथे सेलरी लावली होती. रस्त्यावरून दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्याची थोरली लीओना बावीस वर्षांची होती.

मालिंडाला लपवण्यासारखं काही नव्हतं. तिची सेलरी दर वर्षी रस्त्याच्या कडेला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायची. त्यामुळे दर वर्षी कुणीतरी मांडवापाशी बग्गी थांबवून विचारायचंच, "काय मालिंडे, यंदा कोण?"

"तुझा म्हातारा घोडा विचारून गेला," ती म्हणायची. "विचार करते म्हटलं. दात बरे आहेत त्याचे."

ती सेलरी कुणाकुणाला जायची. ज्यांची किडली, ज्यांच्याकडे पाहुणे वाढले, ते लग्न जाहीर झाल्यावर यायचे आणि घेऊन जायचे. उरलेली भाजीच्या लिलावाला. का लावते एवढी, असं विचारलं तर ती म्हणायची, जमीन चांगली आहे.

संध्याकाळी दूध काढण्याच्या वेळेला एलॅम परतला. मालिंडा अंगणात होती. खेचरं तिच्या जवळून गेली आणि तिला वास आला. ओल्या मातीचा नाही, मक्याच्या चिकाचाही नाही. खेचरांच्या खुरांना, नळ्यांना, गुडघ्यांपर्यंत सेलरीचा वास येत होता.

"कसा होता मका?" तिने विचारलं.

"चांगला होता. ओल जरा जास्त."

"लवकर आटोपलं?"

एलॅमने खेचराच्या साजाचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. "मी काही पाहिलं नाही," तो म्हणाला.

"मी कुठे विचारलं काय पाहिलंस?"

"म्हणून सांगतोय."

झालं होतं ते असं. मधला पट्टा वळसा घालून टाळायचा म्हणून ईनस स्वतः यंत्रावर बसणार होता. पण सकाळी मुरघास साठवण्याच्या उंच सायलोपाशी मका वर फेकणाऱ्या यंत्राचा पट्टा घसरला आणि तो दुरुस्त करताना ईनस शिडीवर अडकला. एलॅम सगळ्यांत आधी पोचला होता. मदतीला आलेल्या माणसाने हात बांधून उभं राहायचं नसतं, म्हणून त्याने खेचरं जुंपली आणि समोर दिसली त्या बाजूने सुरुवात केली. ईनसने ते सायलोच्या टोकावरून पाहिलं. हाक मारली असती तर एलॅम थांबला असता. पण हाक मारून सांगणार काय? खाली सात-आठ शेजारी गाड्या घेऊन उभे होते. तो शिडी धरून पाहत राहिला.

एलॅमला कळलं तेव्हा पुढची खेचरं सेलरीत उतरली होती. त्याने लगाम खेचले. तेव्हा निम्म्याहून जास्त पट्टा शाबूत होता. पण मागे वळायचं म्हणजे आपण पाहिलं हे कबूल करायचं, आणि पाहिलं म्हणजे पीटरशाइमांच्या घरी लग्न आहे हे पाहिलं. तो तिथे बसून राहिला. मग त्याने नजर समोरच्या झाडांवर लावली आणि इंजिन सुरू केलं. मागून येणाऱ्या गाडीवाल्यानेही झाडांकडेच पाहिलं. दुपारपर्यंत तिथे काही शिल्लक राहिलं नाही.

त्या दुपारी पुरुष जेवायला बसल्यावर, तिथे मदतीला गेलेली एलॅमची बायको वेर्ना सांगत होती, ईनसच्या बायकोने, सुविलाने, प्रत्येकाला दोनदा ॲपल पाय वाढला आणि एकानेही मान वर केली नाही. एवढे पुरुष, एवढं जेवण, आणि हवामानाशिवाय कुणी काही बोललं नाही. सुविलाचे डोळे लाल होते, असं वेर्नाला वाटलं. कांद्याने असतील, असंही ती म्हणाली.

लग्न नोव्हेंबरात. नवी सेलरी लावून तयार होण्याइतका वेळ नव्हता. दुकानातून खोके आणायचे तर दुकानदाराची बायको संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्यात सांगणार. आणि ज्या घरात लेकीच्या लग्नाला घरची सेलरी नाही, त्या घरातल्या आईला ते पुढे कितीतरी वर्षं ऐकावं लागतं. कुणी वाईट हेतूने बोलत नाही. बोलतात एवढंच. सुविला आधीच ताठ बाई. तिला मागणं जमत नाही. जाहीर होईपर्यंत तर मागताही येत नाही.

मालिंडाकडे मागणं तर तिला सगळ्यांत अवघड होतं. त्यामागे तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

मालिंडा चोवीस वर्षांची असताना तिच्या वडिलांनी परसात सेलरी लावली होती. एफ्राइम नावाच्या मुलाशी तिचं ठरलं होतं. एफ्राइम उन्हाळ्यात सुतारांच्या टोळीबरोबर इंडियानाला गेला आणि ऑगस्टच्या अखेरीस त्याने कळवलं की तो परत येणार नाही. मोटारी चालवणाऱ्या दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीत तो सामील झाला होता. बाप्तिस्म्यात दिलेलं वचन मोडल्यामुळे पुढे त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवणंही बंद झालं. एफ्राइम गेला हे सगळ्यांना कळलं. तो कुणाला सोडून गेला हे मात्र कुणाला उघड म्हणण्याची सोय नव्हती, कारण काही जाहीरच झालेलं नव्हतं. त्यामुळे मालिंडाचं सांत्वन करायला कुणी आलं नाही. येणार कशाचं सांत्वन करायला? पण परसात सेलरी उभी होती, ती रोज वाढत होती, आणि बग्ग्या हळू होत होत्या.

सप्टेंबरातल्या एका सकाळी सुविलाची आई सालोमा एश गाडी घेऊन आली. मालिंडाच्या आईला तिने सर्वांदेखत, म्हणजे घरात दूधवाला आणि दोन शेजारणी असताना, सांगितलं की आमच्या सुविलाचं नोव्हेंबरात लग्न आहे, माणसं वाढलीत, आमची सेलरी पुरायची नाही, तुमची द्याल का. स्वतःच्या लेकीचं लग्न जाहीर होण्याच्या महिनाभर आधी असं बोलून दाखवणारी बाई आधी कुणी पाहिली नव्हती. दिवस मावळायच्या आत ते दोन मंडळ्यांत पसरलं. सालोमाला पुढची कितीतरी वर्षं पोटात काही न राहणारं फुटकं मडकं म्हणून चिडवलं गेलं. तिची सेलरी पुरणार नाही हे खरं होतं की नाही, ते तिलाच ठाऊक. ती मुळासकट उपटून, माती झटकून, गाडी भरून घेऊन गेली.

सुविला आईशी तेव्हा कितीतरी दिवस बोलली नव्हती. गुपित फुटलं म्हणून, आणि दुसऱ्या एका कारणासाठीही, जे तिने कुणाला सांगितलं नाही.

मका कापून चार दिवस झाले आणि मालिंडा सुविलाने एलॅमबरोबर पाठवलेल्या ॲपल पायचं रिकामं ताट परत करायचं निमित्त काढून ओढा ओलांडून गेली. सुविला स्वयंपाकघरात टोमॅटो गाळत होती. लीओना दाराशी शेंगा सोलत बसली होती.

"सुविले, माझी सेलरी यंदा फार झालीये," मालिंडा म्हणाली. "लोक मला पुन्हा नवरी करायला निघालेत. कुणी घेईल का बघतेय."

"आम्हाला काय करायचीये? सूपात घालतो तेवढी. ती मांडवावरून आणू."

"बरं. मी ठेवते थोडी."

"नको ठेवूस," सुविला म्हणाली. "लिलावाला दे."

लीओनाचे कान लाल झाले होते. मालिंडाने तिच्याकडे पाहिलं नाही. हवामानाविषयी दोन वाक्यं बोलून ती परतली.

लिलावाला माल नेणारा ट्रकवाला, बाहेरचा माणूस, दर मंगळवारी मांडवापाशी थांबायचा आणि सेलरी विचारायचा. मालिंडा म्हणायची, देठ अजून पांढरा झालेला नाही. दोन आठवडे ते खरं होतं. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, अजून जरा. एवढ्या उशिरापर्यंत तिने सेलरी कधी राखली नव्हती, आणि ते खोऱ्याच्या नजरेतून सुटलं नाही. यंदा खरंच आहे बरं का, असं बोललं जाऊ लागलं. पलीकडच्या मंडळीतल्या एका विधुराची बहीण मांडवावर आली, अर्धा तास बीट निवडत बसली आणि जाता जाता विचारलं की तुला लहान मुलांचा गलका सहन होतो का.

"माझ्या भावाला नऊ आहेत," मालिंडा म्हणाली. "तुमच्या भावाकडे सुट्ट्या मिळतात का विचारून या."

एलॅम काही बोलत नव्हता. पण ऑक्टोबरात पहिलं कडक हीव पडायची चिन्हं दिसली, तेव्हा त्याने आपणहून कोठारातली जुनी पोती आणि घोड्यांच्या फाटक्या गोधड्या आणून रांगांवर पसरल्या. सकाळी दव वाळल्यावर काढायच्या, दिवस मावळताना घालायच्या. हे काम त्याने मालिंडाला एकदाही करू दिलं नाही. वेर्नाने कारण विचारलं तर म्हणाला, पोती हवेवर टाकायलाच हवी होती.

प्रभुभोजनानंतरच्या रविवारी उपासना कोठाराच्या मोकळ्या जागेत होती. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, पाठ नसलेल्या बाकांवर. श्रद्धेपायी तुरुंगात डांबलेल्या पूर्वजांनी रचलेली ती जुनी गीतं इथे अजून त्याच संथ चालीवर म्हणतात. एक ओळ संपायला घोड्याला पाणी पाजून यावं एवढा वेळ लागतो. त्या दिवशी बायांच्या बाजूला सगळे जण न पाहिल्यासारखं करून लीओनाची जागा पाहत होते. ती आली नव्हती. जिचं लग्न जाहीर होणार असतं ती मुलगी त्या दिवशी घरी थांबून होणाऱ्या नवऱ्यासाठी जेवण बनवते.

शेवटी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या डीकनने उभं राहून नावं वाचली. लीओना पीटरशाइम आणि मर्विन बायलर. मर्विन टोपी उचलून सगळ्यांच्या आधी बाहेर पडला, त्याच्या बग्गीचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला. मग ईनस उभा राहिला. नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार, म्हणाला, इथे बसलेल्या सगळ्यांनी यावं. बसता बसता त्याची आणि एलॅमची नजरानजर झाली. दोघांनीही झाडांकडे पाहावं तसं कोठाराच्या तुळयांकडे पाहिलं.

आता मागायला काही हरकत नव्हती. मालिंडा जेवणानंतर कपबशा पुसताना सुविलाच्या शेजारीच उभी राहिली. सुविला लोणच्याबद्दल बोलली.

ती आली सोमवारी. सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस, त्या दिवशी कुणी बाई घर सोडत नाही. मालिंडा दोरीवर चादरी घालत होती. सुविला ओढ्यावरून चालत आली होती, बाह्या अजून दुमडलेल्या, हात पाण्याने सुरकुतलेले.

"कोबीवर भागवणार होते मी," ती आल्या आल्या म्हणाली. "काल रात्रीपर्यंत तेच ठरवलं होतं."

"मग?"

"लीओना म्हणाली, आई, तू लाजतेयस कशाला ते तरी सांग."

मालिंडाने तोंडातले चिमटे काढून खिशात टाकले.

"तुझीच सेलरी होती माझ्या लग्नात," सुविला म्हणाली. "मी कोपऱ्यातल्या टेबलाशी नवऱ्याशेजारी बसले होते आणि समोर बरणीत ती उभी होती. तू पलीकडे ताटं वाढत होतीस. मला घास गिळेना. आईने तुझं मोडलेलं लग्न उपटून आणून माझ्या टेबलावर मांडलं, असं मला वाटलं. तेव्हापासून तुझ्याकडे नुसतं मीठ मागायचं झालं तरी माझी जीभ उचलत नाही."

चादरीचं एक टोक खाली लोंबत होतं ते मालिंडाने उचलून दोरीवर टाकलं.

"तुला कोणी सांगितलं नाही का?" ती म्हणाली. "सुविले, त्या रांगा माझ्या खिडकीखाली होत्या. रोज सकाळी उठून मी त्या बघायचे. माणसं रस्त्यावरून त्या मोजायची. बाबांना त्या उपटायच्या होत्या, पण उपटल्या असत्या तर आणखी कळलं असतं. विकता येत नव्हत्या, खाता येत नव्हत्या. तुझी आई आली आणि सगळ्यांसमोर तोंड उघडून बसली. दुसऱ्या दिवसापासून लोक तुझ्याबद्दल बोलायला लागले. माझ्याबद्दल बोलायचंच विसरले. खिडकीखाली नुसती माती होती. त्या दिवशी मी महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवले."

सुविलाने दुमडलेल्या बाह्या खाली केल्या.

"मला तुझ्या लग्नात वाईट नाही वाटलं. बरणी बघून मला वाटलं, बरं झालं, उपयोगी पडली. सालोमामावशीला मी ते कधी सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर तिने सांगितलं असतं की कसली सेलरी, मला आठवत नाही. म्हणून मी लावत राहिले. कुणाची कमी पडली तर असावी. आता ती नाही, तिचं तिला कसं परत करणार? तुला दिली तर जरा तिच्याकडे पोचेल."

"तिला फुटकं मडकं म्हणायचे," सुविला म्हणाली. "मी पण म्हणायचे."

"तिला ठाऊक होतं तू म्हणतेस. हसायची."

सुविलाने ॲप्रनने चेहरा पुसला आणि मागायला आल्याची लाज झाकायला टोपलीतली उरलेली चादर दोरीवर घालायला घेतली. दोघींनी मिळून टोपली संपवली. मग त्या रांगांपाशी गेल्या. मालिंडाने एक फळी बाजूला करून देठ दाखवला. सुविलाने तो मोडून चावला आणि म्हणाली, "माझी एवढी पांढरी झाली नसती. मक्यात ऊन लागत नाही म्हटलं होतं, तर ईनस म्हणे त्यानेच पांढरी होईल."

"होती कशी?"

"बुटकी. तुझ्या भावाने उपकारच केले."

लग्नाच्या आदल्या दिवशी पीटरशाइमांच्या तळघरात पुरुषांना सेलरी धुवायला बसवलं. ते काम पुरुषांचंच असतं. मोठी पत्र्याची टबं, बर्फासारखं पाणी, आणि भोवती एलॅमसह तीच माणसं जी मुरघासाला आली होती. सप्टेंबरापासून त्यांच्यापैकी कुणी त्या सकाळबद्दल शब्द काढलेला नव्हता. सुविला सुऱ्या घेऊन खाली आली, एकेकाच्या हातात एकेक दिली आणि एलॅमच्या टबापाशी थांबली.

"नीट धू हं एलॅम," ती म्हणाली. "या वेळी निदान दिसतेय तरी तुला."

मग कोपऱ्यातून ईनसच हसला, आणि तळघर हसण्याने भरून गेलं. गाडीवाल्याने कबूल केलं की त्याला इतकी झाडं पाहायची सवय नाही, मान धरली होती. एलॅम टबात हात बुडवून बसला होता, कानापर्यंत लाल. तो म्हणाला की खेचरांनी तरी खाल्ली नाही, फक्त तुडवली, हे लक्षात घ्यावं.

गुरुवारी साडेतीनशेंहून जास्त माणसं जेवली. दुपारची पंगत, संध्याकाळची पंगत. लीओना आणि मर्विन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. त्यांच्या पुढ्यात बरण्यांमध्ये सेलरी होती, पानं वर, देठ पाण्यात. मालिंडाला वाढायचं काम होतं. तिने दुधातली सेलरी वाढताना सुविलाच्या ताटात दोनदा वाढली. सुविलाने दोन्ही वेळा संपवली.

जाताना लीओना मालिंडाच्या मागे दारापर्यंत आली आणि तिचा हात धरून उभी राहिली. मालिंडाने तिला सांगितलं की बरण्या उद्या धुऊन परत पाठव, वेर्नाच्या आहेत, त्यातली एक गेली तरी ती मला सोडायची नाही. मग ती एलॅमच्या बग्गीत बसली. वाटेत वेर्नाने विचारलं की पुढच्या वर्षी एवढी लावणार का. मालिंडा म्हणाली की लीओनाच्या धाकट्या बहिणीला एक मुलगा रविवारी गाण्याच्या बैठकीनंतर घरी सोडतो, असं तिने ऐकलंय, पण तिने काही ऐकलेलं नाही.

सेलरीचा पट्टा आता रिकामा आहे. उद्या शुक्रवारी, दव वाळल्यावर, एलॅम दोन खेचरं जुंपेल आणि दुपारच्या जेवणापर्यंत तिथे हिवाळ्यासाठी राय हे गव्हासारखं धान्य पेरून होईल.